शाळेचं ताट कसं भरतं, आणि त्यात आपल्या शिवारातलं काय शिरू शकतं

ताथवड्यात आता शाळांची कमी नाही. नृसिंह मंदिराभोवतीचं जुनं गावठाण, 2009 मध्ये गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेल्यानंतर शेतांवर उभ्या राहिलेल्या सोसायट्या, मुंबई-बंगळूरु महामार्गाच्या आसपासची कॉलेजं, आणि या सगळ्यांच्या मधे खासगी इंग्रजी शाळा आणि महापालिकेची मराठी शाळा. मोठ्या सुट्टीची घंटा दोन्हीकडे वाजते. एकीकडे घरून आणलेला डबा नाहीतर कॅन्टीन, दुसरीकडे टेम्पोतून उतरवलेले स्टीलचे मोठे डबे. आपल्या भागात पिकणारं, ताजं, सकस अन्न मुलांच्या पोटात जावं असं दोन्हीकडच्या पालकांना मनापासून वाटतं आणि पालकसभेत तसं बोललंही जातं. पण हे ताट भरतं कसं, त्यात काय असावं हे कोण ठरवतं, पैसा कुठून येतो आणि पालकांना नेमका कुठे हात घालता येतो, हे कुणी बसून सांगत नाही. म्हणून बोलणं पुढे सरकत नाही. ते सगळं इथे सावकाश उलगडून पाहू.

आधी महापालिकेच्या शाळेतलं ताट. लोकांच्या तोंडी ती अजून 'शाळेतली खिचडी'च आहे. केंद्र सरकारने ही योजना 15 ऑगस्ट 1995 रोजी सुरू केली तेव्हा आपल्याकडे शिजवलेलं अन्न मिळत नव्हतं. ज्या मुलाची हजेरी 80 टक्के, त्याला महिन्याला 3 किलो तांदूळ घरी न्यायला मिळायचा. तो तांदूळ साहजिकच सगळ्या घराच्या पोटात जायचा. 28 नोव्हेंबर 2001 रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, की मुलांना शाळेतच शिजवलेलं गरम अन्न द्या. त्यानंतर शाळांमध्ये चुली पेटल्या. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने हे जेवण मुलांचा हक्क ठरलं आणि 2021 पासून योजनेचं नाव 'प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण' झालं. सरकारी, महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांतल्या पहिली ते आठवीच्या मुलांना, तसंच त्या शाळांना जोडलेल्या बालवाटिकेतल्या मुलांना ते मिळतं.

या ताटाचं माप ठरलेलं आहे. पहिली ते पाचवीच्या मुलामागे 100 ग्रॅम धान्य, 20 ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, 50 ग्रॅम भाजी, 5 ग्रॅम तेल. सहावी ते आठवीला हेच दीडपट. लहानांना 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं, मोठ्यांना 700 कॅलरी आणि 20 ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा हिशेब आहे. हे आकडे कुठून जुळतात ते घरच्या घरी ताडून बघता येतं. 100 ग्रॅम तांदळातून साधारण 350 कॅलरी आणि 7 ते 8 ग्रॅम प्रथिनं, 20 ग्रॅम डाळीतून 70 कॅलरी आणि जवळपास 5 ग्रॅम प्रथिनं, 5 ग्रॅम तेलातून 45 कॅलरी. बेरीज बसते. पण ती बहुतेक सगळी तांदूळ आणि डाळीवरच बसते, भाजी घातली काय आणि न घातली काय, कॅलरीच्या रकान्यात फारसा फरक दिसत नाही. कॅल्शियम, लोह, जीवनसत्त्वं यांचा भार मात्र त्या 50 ग्रॅम भाजीवर आणि आठवड्यातून एकदा मिळणाऱ्या पूरक आहारावर येतो. ताट कागदावर पूर्ण आणि पोषणात अपुरं राहू शकतं ते इथे.

आता पैसा. तांदूळ भारतीय अन्न महामंडळाकडून येतो, त्याचे पैसे शाळेला लागत नाहीत. डाळ, तेल, मसाला, भाजी आणि इंधन यांसाठी मुलामागे दिवसाला ठराविक रक्कम मिळते. मे 2025 पासून ती पहिली ते पाचवीला 6 रुपये 78 पैसे आणि सहावी ते आठवीला 10 रुपये 17 पैसे झाली. 60 टक्के केंद्राचे, 40 टक्के राज्याचे.

हे आकडे नुसते वाचून काही कळत नाही, म्हणून 200 लहान मुलांची एक शाळा डोळ्यांसमोर आणा. एका दिवसाला 20 किलो तांदूळ, 4 किलो डाळ, 10 किलो भाजी, 1 किलो तेल. हातात 1,356 रुपये. बाजारभाव रोज हलतात, तरी डाळ 110 रुपये किलो धरली तर 440 गेले. तेलाचे दीडशे. भाजी सरासरी 40 रुपयांनी घेतली तर 400. उरले साडेतीनशेच्या आसपास. त्यात गॅस, मीठ, मोहरी, हळद, तिखट, मसाला आणि अन्न शाळेपर्यंत पोचवण्याचा खर्च. हा हिशेब एकदा स्वतः मांडला, की 'रोज पनीर का देत नाहीत' असले प्रश्न मागे पडतात आणि या 400 रुपयांत कोणती भाजी येते हा खरा प्रश्न पुढे येतो.

अंड्याचंही तसंच. नोव्हेंबर 2023 मध्ये राज्याने आठवड्यातून एक अंडं सुरू केलं, न खाणाऱ्यांना केळं. अंड्यामागे 5 रुपये धरले होते. 2025 च्या सुरुवातीला सरकारने त्याचा निधी थांबवला आणि अंडं हवं असेल तर लोकसहभागातून द्या असं सांगितलं. 200 मुलांना एकेक अंडं द्यायचं तर आज बाराशे रुपयांच्या पुढे जातात, म्हणजे दिवसभराच्या सगळ्या जेवणाइतके. शाळेच्या रोजच्या पैशातून ते निघणं शक्यच नाही. वाढत्या वयाच्या मुलांसाठी अंड्याइतकं चांगलं, भेसळ न होऊ शकणारं प्रथिन दुसरं मिळणं कठीण. तो निधी परत मिळावा असं मला ठामपणे वाटतं.

जून 2024 मध्ये राज्याने आणखी एक बदल केला. एकाच पातेल्यातल्या खिचडीऐवजी तीन भागांचा आहार. भाताचा एक पदार्थ, जोडीला मोड आलेल्या कडधान्याची उसळ, आणि तांदळाची खीर किंवा नाचणीसत्त्व असा गोड पदार्थ. पाककृतींच्या यादीत व्हेज पुलाव, मसालेभात, चवळी खिचडी, मूग-शेवगा वरण-भात असे पदार्थ आले. पुढे गोड पदार्थ ऐच्छिक झाला. तरीही ही यादी पालकांनी जपून ठेवण्यासारखी आहे, कारण तिच्यात मोडाची कडधान्यं, शेवगा, नाचणी ही आपल्याकडची नावं अधिकृतपणे लिहिलेली आहेत. ती मागताना आपण काही जगावेगळं मागत नाही.

मग हे पदार्थ ताटात का टिकत नाहीत? उत्तर टेम्पोत सापडतं. खेड्यातल्या शाळेत आवारातच शेड असते, गावातल्याच ताई-मावशी स्वयंपाक करतात. शहरी भागात शाळांना जागा नसते, म्हणून अन्न बहुधा केंद्रीय स्वयंपाकगृहात शिजतं. महिला बचत गट किंवा एखादी संस्था ते चालवते. पहाटे अंधारात भट्ट्या पेटतात, अन्न डब्यांत बंद होतं आणि टेम्पो निघतो. सकाळी भूमकर चौकात किंवा हिंजवडीच्या रस्त्यावर जे अडकलेत त्यांना या प्रवासाची कल्पना आहे. शिजलेलं अन्न गरम म्हणजे 60 अंशांच्या वर राहिलं आणि लवकर वाढलं गेलं तरच सुरक्षित. या अटीत खिचडी आणि पुलाव टिकतात. पालेभाजी बंद डब्यात काळवंडते आणि तिला वास येतो. कोशिंबिरीला पाणी सुटतं. भाकरी तर या व्यवस्थेत बसतच नाही. 200 मुलांना अर्धी अर्धी द्यायची म्हटलं तरी 100 भाकऱ्या थापणारे हात हवेत, आणि दोन तासांनी ती चिवट होते ते वेगळंच. ज्वारी-बाजरी मुलांना आवडत नाही म्हणून ताटात नाही, असं सर्रास म्हटलं जातं. मला तरी ते पटत नाही. ती नाही याचं कारण भाकरी थापायला आणि वाढेपर्यंत मऊ ठेवायला लागणारी माणसं या व्यवस्थेत धरलेलीच नाहीत.

माणसांचा विषय निघाला म्हणून सांगतो. स्वयंपाक करणाऱ्या ताईंना सरकारी कागदावर 'स्वयंपाकी तथा मदतनीस' म्हणतात. राज्यात त्यांना महिन्याला 2,500 रुपये मानधन मिळतं, ते 2023 मध्ये वाढल्यानंतर. 25 मुलांपर्यंत एक, 100 पर्यंत दोन आणि पुढच्या प्रत्येक 100 मुलांमागे एक असं त्यांचं प्रमाण आहे. भाजी निवडणं, कडधान्य भिजवणं, मोड आणणं, दळण आणणं ही सगळी जादा कामं शेवटी याच बायकांच्या अंगावर पडतात. 'स्थानिक आहार द्या' असा ठराव करताना हे जादा तास कोण करणार आणि त्याचं काय देणार हेही त्याच ठरावात लिहायला हवं.

एका उसळीचंच उदाहरण घेऊ. गुरुवारी मटकीची उसळ हवी असेल तर तिची तयारी मंगळवारी रात्री सुरू होते. चार किलो मटकी निवडून, दोनतीन पाण्यांतून धुऊन भिजत घालायची. बुधवारी सकाळी उपसून, पुन्हा धुऊन, ओलसर फडक्यात सैलसर बांधायची. घट्ट बांधली तर आतली गरम होऊन आंबूस वास येतो. मार्च-एप्रिलमध्ये संध्याकाळपर्यंत मोड दिसतात, डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत रात्र जाते, म्हणून गाठोडी भट्टीच्या खोलीत ठेवावी लागतात. गुरुवारी पहाटे चार किलोची मटकी फुगून दुपटीहून जास्त झालेली असते आणि झटपट शिजते, गॅसही वाचतो. मोड आल्याने कडधान्यातलं लोह शरीराला घ्यायला सोपं होतं आणि क जीवनसत्त्व वाढतं. खर्च एका पैशाने वाढला नाही. लागलं काय, तर दीड दिवस आधीचं नियोजन, स्वच्छ फडकी आणि ती वाळवायला जागा. स्वयंपाकगृह बघायला गेलात तर ही फडकी कुठे वाळतात ते जरूर विचारा. मोडाची उसळ नियमित होते की नाही ते त्यावरून लगेच कळतं.

तांदळाबद्दलही थोडं बोलायला हवं, कारण त्यावरून शाळाशाळांत घबराट होते. योजनेचा तांदूळ पोषणमूल्य वाढवलेला, म्हणजे फोर्टिफाइड असू शकतो. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक अॅसिड आणि बी-12 मिसळून यंत्रातून तांदळाच्या आकाराचे दाणे पाडतात आणि 100 किलो साध्या तांदळात असे एक किलो दाणे मिसळतात. रंगाला ते थोडे वेगळे दिसतात, काही पाण्यावर तरंगतात. त्यामुळे 'प्लास्टिकचा तांदूळ आला' अशी हूल उठते आणि ताई तेच दाणे वेचून फेकून देतात. ज्यासाठी पैसे मोजले तेच केरात जातं. तांदूळ एकदोनदाच हलक्या हाताने धुवावा, भाताचं जास्तीचं पाणी ओतून देऊ नये, आणि ताटावर लिंबाची फोड पिळावी. लिंबातलं क जीवनसत्त्व ते लोह अंगी लागायला मदत करतं.

ताथवड्याच्या मुलांसाठी 'आपलं' अन्न कोणतं, हे ठरवणं दिसतं तितकं सोपं नाही. गावाला स्वतःचं शिवार आता फारसं उरलेलं नाही. पण मारुंजी-हिंजवडीपासून मुळशी तालुका सुरू होतो, पलीकडे मावळ. हा सगळा भाताचा मुलूख. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने 1987 मध्ये आणलेला इंद्रायणी इथलाच. भात निघाल्यावर त्याच ओलीवर हरभरा, मसूर, वाल घेतात. डोंगरउतारावर नाचणी आणि वरई. उत्तरेला खेड-चाकणकडे कांदा-बटाटा, जुन्नर-नारायणगावकडे टोमॅटो, पुरंदरला वाटाणा, अंजीर आणि सीताफळ, शिरूरकडे बाजरी. मोशीच्या उपबाजारात रोज जी भाजी उतरते तिच्यातली बरीचशी पुणे जिल्ह्यातलीच असते. म्हणजे शाळेच्या पातेल्यातला बटाटा-टोमॅटो आधीच बऱ्यापैकी स्थानिक आहे. अडचण अशी, की बाराही महिने तोच बटाटा आणि तोच टोमॅटो असतो. म्हणून आग्रह धरायचा तो हंगामाचा. पावसाळ्यात दोडका, दुधी, भोपळा, काकडी. दिवाळीनंतर मेथी, पालक, गाजर, मुळा, घेवडा, वाटाणा, पावटा. माघ-फाल्गुनात शेवगा. हंगामात भाजी स्वस्त होते, त्यामुळे त्याच 400 रुपयांत जास्त येते.

दुसरी बाजू मुलांची. या शाळेत बसलेलं पोर मूळचं ताथवड्याचं असेलच असं नाही. वडील बांधकामावर किंवा चाकण-हिंजवडीच्या कंपनीत कंत्राटावर, घर लातूर, बीड, नांदेड, कलबुर्गी नाहीतर बिहार-उत्तर प्रदेशात. लातूरच्या पोराची जीभ ज्वारीच्या भाकरीला सरावलेली, बिहारच्या पोराची सत्तूला. नाचणीची आंबील दोघांनाही नवी. त्यामुळे 'स्थानिक' म्हणजे फक्त मावळ-मुळशीचं असा हट्ट धरू नये. हरभरा इथे फार उपयोगी पडतो. आपले फुटाणे आणि त्यांचा सत्तू एकाच धान्याचे. गूळ-फुटाणे पूरक आहारात दिले तर सगळ्यांच्या ओळखीचे, प्रथिनांनी भरलेले आणि टेम्पोत न बिघडणारे.

नाचणीवर मात्र थोडं थांबतो. तिच्या 100 ग्रॅममध्ये 360 मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, पॉलिश केलेल्या तांदळात दहाही नसतं. मुलामागे 15 ग्रॅम नाचणी धरा. 200 मुलांना 3 किलो. किलोला 60 रुपये दिले तरी 180 रुपये, म्हणजे मुलामागे रुपयासुद्धा पडत नाही. पीठ आधी थंड पाण्यात गुठळी न होता कालवायचं, उकळत्या पाण्यात धार धरून ढवळत शिजवायचं, जिरं-मीठ घालायचं. ही आंबील डब्यात दोन तास छान राहते. ताक घालायचं असेल तर शाळेत वाढण्याआधीच घालावं, डब्यात घालून आणू नये. आणि केंद्रीय स्वयंपाकगृहात रात्रभर आंबवण्याच्या भानगडीत पडू नये. घरच्या मडक्यात ते ठीक, पण शेकडो मुलांच्या अन्नात ती जोखीम नको. गोड करायची तर गूळ बेताने. आठवड्यातून एकदा आंबील देणं हा स्थानिक आहाराचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत लवकर होणारा भाग आहे असं माझं मत आहे. मुळशी-मावळातल्या बचत गटांकडून नाचणी घेतली तर पैसाही जवळपास राहतो.

परसबागेविषयी लोक फार उत्साहाने बोलतात. राज्य शासन शाळांच्या परसबागांच्या स्पर्धाही घेतं. शहरातल्या शाळेच्या आवारात फार तर भिंतीकडेची पट्टी आणि दोनचार वाफे मिळतात. 200 मुलांना दिवसाला 10 किलो भाजी लागते, आणि एवढ्या जागेतून आठवड्याला दोनतीन किलो पाला मिळाला तरी खूप. तेव्हा बाग शाळेला जेवू घालेल ही अपेक्षा सोडून द्यावी. तिच्यातून कढीपत्ता, कोथिंबीर, शेवग्याचा पाला, लिंबं हे रोजच्या वरणात पडणारं चिमूटभर, मूठभर मिळवावं. शेवग्याची फांदी पावसाच्या तोंडावर रोवली की बहुधा जगते, आणि पाला किलोभर वरणात घातला तर कुणाला कळतही नाही. लाल माठ, तांदुळजा 25-30 दिवसांत कापणीला येतात. मेथी ऐन पावसात सडते, ती दसऱ्यानंतर. कुंपणावर दोडका आणि घेवडा. बाग मरते ती दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत, पाणी घालायला कुणी नसल्याने. म्हणून एप्रिलमध्ये वाफे रिकामे करावेत आणि सुट्टीत जगणारी झाडंच ठेवावीत. कढीपत्ता, शेवगा, लिंबू, पपई. मुलं हात धुतात त्या नळाचं पाणी चर काढून तिकडे वळवलं की रोजचं पाणी घालण्याचं कामही वाचतं. आणि मुलं स्वतः खुडलेला माठ खातात. घरी ताटातून बाजूला सारणारं पोर शाळेत मागून घेतं, हे बाग असलेल्या कुठल्याही शाळेतल्या बाई सांगतील.

रानभाज्यांचाही मोह होतो. पहिल्या पावसानंतर लोणावळा, कामशेत, पौडच्या रस्त्यांवर कातकरी, ठाकर बायका टाकळा, कुर्डू, भारंगी, शेवळं घेऊन बसतात. त्यांच्याकडून मुलांनी या भाज्या ओळखायला शिकाव्यात, हे ज्ञान त्या बायकांकडेच आहे. पण शाळेच्या मोठ्या पातेल्यात त्या घालू नयेत. शेवळं नीट शिजली नाहीत तर घसा खाजतो, आणि ओळखण्यात चूक झाली तर त्रास शेकडो मुलांना होईल. ऑगस्टमध्ये कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव भरतात, तिथे मुलांना घेऊन जावं. चव तिथे घ्यावी.

आता पालकांनी कुठे बोलायचं. शिक्षण हक्क कायद्यानुसार प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात 75 टक्के सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. आहारावर देखरेख हे तिचं काम आहे. मुलांना वाढण्याआधी शिक्षकांनी आणि पालकांनी अन्न चाखावं आणि नोंदवहीत लिहावं अशी पद्धत आहे. ही वही कुठल्याही पालकाने मागून वाचावी. सगळ्या पानांवर एकाच शाईत 'चव उत्तम' लिहिलेलं दिसलं तर काय समजायचं ते सांगायला नको. आठवड्याचा पदार्थांचा तक्ता शाळेच्या भिंतीवर असतो, त्यातल्या 'भाजी' या शब्दाऐवजी त्या महिन्याच्या भाज्यांची नावं लिहून घ्यावीत. केंद्रीय स्वयंपाकगृहाच्या बाबतीत मुख्याध्यापकांच्या हातात फार काही नसतं. तिथे समितीचा ठराव महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे पाठवावा लागतो, आणि मागणी अशी हवी की पुढच्या करारातच हंगामी भाज्यांची यादी, आठवड्यातून एकदा मोडाची उसळ आणि एकदा नाचणी ही अट म्हणून लिहावी. तोंडी विनंती ठेकेदार बदलला की विरते.

ब्राझीलने हे काम कायद्यानेच केलं. तिथे 2009 च्या कायद्याने शालेय आहारासाठी केंद्राकडून येणाऱ्या पैशातले किमान 30 टक्के कुटुंबशेती करणाऱ्या छोट्या शेतकऱ्यांकडून खरेदीवर खर्च करणं बंधनकारक केलं. निविदेत सर्वांत कमी दराला मान देण्याऐवजी काही भाग लहान शेतकऱ्यांसाठी आधीच राखून ठेवला. शेतकऱ्याला वर्षभराचं गिऱ्हाईक ठाऊक झालं, मग तो शाळेसाठी लावणीचं वेळापत्रक बसवू लागला. आपल्याकडे असा राखीव हिस्सा नाही. पण पणन मंडळाचे शेतकरी आठवडे बाजार 2016 पासून शहरांत भरतात, शेतकरी उत्पादक कंपन्या आहेत. महापालिकेने ठरवलं तर स्वयंपाकगृहाची भाजी त्यांच्याकडून घेता येईल.

पैशाची उणीव लोकसहभागाने भरायची तर आपल्याकडे त्याची मोठी परंपरा आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढलं, तिथे सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवत. पुढे रयत शिक्षण संस्थेच्या मुष्टिफंडात घरोघरच्या बाया दळणापूर्वी मूठभर धान्य बाजूला काढून ठेवत. आजच्या योजनेत 'स्नेहभोजन' आहे. वाढदिवस, पुण्यतिथी, सण यांनिमित्त कुणीही शाळेतल्या मुलांना जादा पदार्थ देऊ शकतं. सोसायट्यांतले लोक देतातही, पण बहुधा केक, चॉकलेट, वेफर्स. समितीने आधीच यादी लावून ठेवावी. उकडलेली अंडी, केळी, पेरू, सीताफळ, राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की, आवळा, जानेवारीत हरभऱ्याचे घाटे. ज्या कंपन्या शाळांना बाक आणि पाण्याची यंत्रं देतात त्यांच्याकडे उष्णता टिकवणारे चांगले डबे मागावेत. तसे डबे आले तर पालेभाजी घातलेली डाळसुद्धा वाटेत टिकेल.

खासगी विनाअनुदानित शाळांना ही योजना लागू नाही, पण नियम त्यांनाही आहेत. मे 2017 मध्ये राज्याने शाळांच्या कॅन्टीनमध्ये चिप्स, नूडल्स, बर्गर, शीतपेयं यांना मनाई केली. केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 2020 च्या नियमांनुसार जास्त चरबी, साखर आणि मीठ असलेले पदार्थ शाळेत आणि फाटकापासून 50 मीटरच्या आत विकता येत नाहीत. 2025 मध्ये सीबीएसईने आपल्या शाळांना साखर फलक लावायला सांगितलं. कोणत्या पेयात किती साखर आहे ते मुलांना दिसावं म्हणून. पालकसभेत हे तिन्ही एका दमात विचारता येतात. घरच्या डब्यासाठी वेळेचं भान हवं. लहान सुट्टीत दहाबारा मिनिटं मिळतात, त्यात सुकी भाकरी संपत नाही. फोडणीची भाकरी, किसलेला दुधी घालून लावलेलं थालीपीठ, मुगाचं धिरडं हे थंड झालं तरी मऊ राहतं आणि चार घासांत संपतं.

सगळ्यात मोठं भगदाड मात्र नववीपासून पडतं. आठवी संपली की योजनेचं जेवण बंद होतं, आणि नेमक्या त्याच वयात मुलींच्या अंगातलं लोह कमी पडू लागतं. शाळेत आठवड्याला मिळणारी लोह-फॉलिक अॅसिडची गोळी उपाशीपोटी घेतली की मळमळते आणि मग मुली ती टाकून देतात. स्नेहभोजनाची तारीख ठरवताना जवळच्या माध्यमिक शाळेतल्या नववी-दहावीच्या मुलींना त्यात धरावं आणि तो दिवस गोळीच्या दिवशीच ठेवावा. दोन्ही मुख्याध्यापकांशी आधी बोलून घेतलं की झालं. मूठभर गूळ-शेंगदाणे, एक उकडलेलं अंडं आणि लिंबाची फोड एवढ्याने सुरुवात होते.